चिटा म्हणजे केवढं

आर्देशेनच्या वरचं खोरं,
जुलैचा शेवटचा मंगळवार

आदरणीय मेलाहत आत्या,

आपल्या भाषेतला 'चिटा' म्हणजे नक्की केवढा? लहान, जरासा, इवलासा, थोडा वेळ, चिमूटभर, हे सगळे अर्थ मला येतात. मी विचारते आहे ते मापाबद्दल. त्रबझोनला चार वर्षं गणित शिकले, घराण्यातली पहिली पदवी आणली (बाबांनी ती चुलीच्या बरोब्बर वर टांगली, त्यामुळे कुलगुरूंची सही आता धुरकटून तपकिरी झाली आहे), आणि तरीही या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. हा प्रश्न का पडला ते सांगण्यासाठीच आजचं पत्र. दुकानातल्या फोनवरून बोलले असते, पण तिथे आपण बोलायला लागलं की साबण घ्यायला आलेली माणसंही पोत्यांवर बसून ऐकतात, आणि शेवटी आपल्याऐवजी तेच उत्तरं देतात.

तर आधी तुमचे दोन्ही हात माझ्या ओठांना आणि कपाळाला लावते. काकांनाही तेवढ्याच आदराने. तुमचा रक्तदाब कसा आहे? गुडघ्यांना ते अस्वलाच्या चरबीचं मलम लावता की नुसतं कपाटात ठेवलं आहे? आईने तुमच्यासाठी मक्याचं पीठ बांधून ठेवलं आहे, यालोवाकडे कुणी निघालं की पाठवते. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. बाबा जिवंत आहेत.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिलं आहे. तुमच्याकडे एव्हाना वेगळी बातमी आली असेल, आणि ती आणणाऱ्याने शपथेवर सांगितलं असेल की मी स्वतः विलाप ऐकून आलो. त्याचं काही खोटं नाही. विलाप झाला. चांगला झाला. चूक माझी होती.

सुरुवात झाली ती बाबांच्या पडण्यापासून. तुम्हाला माहीत आहे, वरच्या बागेतून चहाच्या पाल्याची गाठोडी खाली सोडायची ती आपली तार. तिची कप्पी अडकली होती. दादा लष्करात, दूर पूर्वेला बर्फात उभा आहे, म्हणून बाबा एकटेच चढले आणि तिथून खाली आले ते पायवाटेने नाही. आई धावत गेली तर झुडपात पडल्या पडल्या म्हणाले, "काही नाही गं, चिटा पडलो." आर्देशेनच्या डॉक्टरांनी दुखतं का विचारलं तर "चिटा." हाड दोन जागी मोडलं होतं. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं, आणि दोन महिने उभं राहायचं नाही असं बजावलं, त्यावर बाबा मान डोलावून म्हणाले, "म्हणजे चिटा आराम." डॉक्टर सामसूनचे आहेत बिचारे. त्यांनी तसंच कागदावर लिहून घेतलं.

हे झालं तेव्हा दुसरी खुडणी तोंडावर आली होती. खालची बाग आई आणि मी कशीबशी कापली, पण वरची तशीच उभी, आणि पाला दहा दिवसांत जून झाला की खरेदी केंद्रावरचा माणूस मूठभर उचलून, चोळून, तुमच्याकडे न बघता परत टाकतो. बाबांनी पलंगावरून निकाल दिला: ही खुडणी पार पडली नाही, तर वरची बाग अर्ध्या वाट्याने खालच्या गावातल्या त्या गृहस्थांना देऊन टाकायची. (तेच ते, जे जिथे जातात तिथे आधी कुंपण मोजतात.) आई उठली. ती बाहेर जाऊन पाला कापायच्या कात्रीला धार लावत बसली आणि धार लागून गेल्यावरही लावतच राहिली. आत्या, तुम्ही तर तिच्याबरोबर होतात. नवी नवरी असताना पाठीवरच्या टोपलीतून रोपं नेऊन ती बाग तिने लावली, आणि तुम्ही पंधरा वर्षांच्या, खड्डे खणायला. हे ती मला इतक्या वेळा सांगते की तुमच्या हातांना किती फोड आले होते ते मला पाठ आहे. त्या बागेलाही आपण 'चिटा बाग' म्हणतो, कारण आजोबांनी डोंगर उघडा केला तेव्हा शेजाऱ्यांना म्हणाले होते, वर चिटा जागा साफ केली आहे. खोऱ्यात तेवढी मोठी आणि तेवढी उभी बाग दुसरी नाही. तिथे मांजरसुद्धा बसताना बुंध्याला पाय लावते.

म्हणजे आता इर्जिक घालायची. खोऱ्यातल्या सगळ्यांनी येऊन एका घराचं काम उरकून द्यायचं, त्या घराने जेवायला घालायचं. इथपर्यंत सरळ आहे. पण बोलावण्याची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आई एकेका घरी जाणार. चहा घेणार. गाईची, सुनेची, दातांची चौकशी करणार. परत चहा. निघताना, चपलेत पाय घालता घालता, दाराच्या चौकटीकडे बघत म्हणणार, "वर चिटा पाला राहिलाय. तुम्ही काही त्रास घेऊ नका." आणि समोरचा म्हणणार, "छे छे, त्रास कसला." यातून त्याने समजून घ्यायचं की दोन दिवसांचं काम आहे, दोर आणावा, आणि बायकोलाही आणावं.

मला हे मान्य नव्हतं. आठवडाभर मी वहीत नोंदी केल्या होत्या (हसू नका, रकाने आखून केल्या होत्या). 'चिटा चहा घ्या' म्हणजे सरासरी पाच पेले. 'चिटा थांब' म्हणजे चार मिनिटांपासून ते दुपारच्या नमाजापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत काहीही. हाशिमला अख्खं खोरं 'चिटा' म्हणतं, कारण तो भावंडांत धाकटा. त्याची उंची सहा फूट दोन इंच आहे आणि त्याच्या नातवालाही आता 'चिटाचा नातू' म्हणतात. दुकानदाराचा भाऊ 'चिटा जाऊन येतो' म्हणून जर्मनीला गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. त्याच्या बायकोला मी विचारलं, तर ती म्हणाली, "हो, म्हणाला होता चिटा," आणि माझ्या वहीकडे असं बघितलं की मी तो रकाना खोडून टाकला. खोडलेली धरून सगळ्या नोंदींची सरासरी काढली, तेव्हा चिटा म्हणजे साधारण अडीच वर्षं आलं. जर्मनी वगळून नऊ दिवस.

त्या शनिवारी चुलीपाशी मी आईसमोर चांगलं वीस मिनिटं भाषण केलं. म्हटलं, आपण आपलं सगळं लहान करून सांगतो. आपलं दुखणं लहान, आपली मेहनत लहान, म्हणून जगही आपल्याला लहानच समजतं. ज्या माणसाला मदत हवी त्याने कामाचं खरं माप सांगावं, यात अपमान कसला? ऐकणाऱ्यालाही ते न्यायाचं आहे. खरं बोलण्याची सुरुवात कुणीतरी करायला हवी, आणि शिकलेल्या मुलीने नाही करायची तर कुणी? आई कोबीची पानं चिरत होती. म्हणाली, "झालं? मग ते मीठ दे. चिटा." मी किती विचारलं. तिने चाकू खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला जमत असेल तसं बोलाव बाई. मी पहाटेच वर जाते, जेवढं कापून होईल तेवढं होईल."

रविवारी सूर्य डोंगराच्या कडेवर आला तेव्हा मी ओसरीच्या टोकाला उभी राहिले आणि समोरच्या उतारावरच्या घराला हाक दिली. मजकूर मी लिहून काढला होता: "तहसीनच्या घरी मोठं काम आहे. लहान समजू नका. आजच आहे. सगळ्यांनी या." समोरच्या सुनेने हातातलं धुणं खाली ठेवलं. मग ओरडली, "आई कुठंय तुझी?" म्हटलं, वर बागेत. "एकटी?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "सांभाळ गं तिला." मला फार बरं वाटलं, खरं माप कळताच माणसात कणव कशी जागी होते! तिने पुढच्या घराला हाक दिली, त्यांनी त्यापुढच्या. मी कान देऊन ऐकत होते. खोऱ्याच्या तोंडापर्यंत एकही शब्द बदलला नाही. तीच तर पंचाईत झाली.

कारण आत्या, तुम्ही ऐकल्या ऐकल्या ओळखलं असतं. आपल्या खोऱ्यात आपल्याच घरच्या गोष्टीला कुणी कधी मोठं म्हणतं का? लग्न चिटा, घर चिटा, पूर आला तरी चिटा पाणी. फक्त एकदाच म्हणत नाहीत. घरातलं माणूस गेलं, की त्या दिवशी तेवढं कुणी चिटा म्हणत नाही. हे मला बाविसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही आठवलं नाही, कारण मी वहीत फक्त 'चिटा' कुठे म्हणतात ते लिहिलं होतं. कुठे म्हणत नाहीत त्याला रकानाच नव्हता.

दीड तासात माणसं यायला लागली. मी खालच्या फाटकापाशी यादी घेऊन उभी होते. सगळे धुतलेल्या काळ्या कपड्यांत. मला वाटलं, माझ्या आवाहनाचा मान राखला. बायकांच्या डोक्यांवर झाकलेली पातेली. मला वाटलं, काम मोठं म्हटल्यावर जेवणाचीही जबाबदारी घेतली, केवढा समजूतदारपणा! पुरुषांच्या खांद्यावर फावडी होती. चहाला फावडं कशाला, असं एकदा मनात आलं, पण उत्साहावर विरजण नको म्हणून गप्प बसले. आणि पाठोपाठ तांब्याचं मोठं भांडं घेऊन इमामसाहेब आले, तेव्हा तर माझा ऊर भरून आला. बायका मला मिठी मारत होत्या, रडत होत्या. मीही गहिवरले. म्हटलं, "रडू नका, सगळ्यांनी मिळून खांदा दिला की जड नाही वाटणार." त्यावर त्या जास्तच रडायला लागल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "बघ पोरीची छाती. शिक्षणाने माणूस दगड होतं."

यादीत चौतिसावं नाव लिहीत होते तेव्हा वरून सूर ऐकू आला. नाझिरे आजी ओसरीवर पोचल्या होत्या. (तुम्ही त्यांना विसरला नसाल. आजोबा गेले तेव्हा त्यांनी असा विलाप केला होता की शेजारच्या खोऱ्यातली माणसं आपल्याकडेच कुणी गेलं समजून घरी परतली.) त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, छातीवर तळवा मारत बाबांना हाका मारत होत्या. मी धावत वर गेले. काय झालंय ते एका क्षणात माझ्या डोक्यात शिरलं: फावडी कबर खणायला, भांडं मयताला आंघोळ घालायला. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "आजी, थांबा, बाबा जिवंत आहेत!" त्यांनी डोळे न उघडता माझ्या गालावरून हात फिरवला. "आहेतच गं लेकी. आपल्या मनात ते कायमच आहेत." आणि हेच वाक्य त्यांनी पुढच्या कडव्यात घेतलं.

तुम्ही म्हणाल, बाबा काय करत होते? खिडकी उघडी होती, पलंग खिडकीलगत. त्यांनी एक हाक मारली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "मी चिटा ऐकत होतो." पाऊण तास ऐकत होते. त्यात आलं की तहसीनसारखा खोऱ्यात कुणी नाचला नाही. की तो पायरीवर आला की चुलीला आपोआप जाळ यायचा. की शिकारीचा शिक्रा पक्षी धरण्यासाठी जाळ्यामागे त्याच्यासारखं झाडासारखं बसणं कुणाला जमलं नाही. मी आत डोकावले तर ते छताकडे बघत पडले होते, आणि मला ओठांवर बोट ठेवून अशी खूण केली, की मी हादरले. आत्या, शपथ घेऊन सांगते, ते खुशीत होते.

बिघडवलं ते रिफातभाऊंनी. तुम्हाला तिकडे पोचलं असेलच की नऊ वर्षांपूर्वी लाव्यांच्या मोसमात ते बाबांचा शिक्रा 'चिटा उडवून आणतो' म्हणून घेऊन गेले आणि रिकाम्या मुठीने परत आले. तेव्हापासून त्यांचं म्हणणं, पायाची वादी कुजकी होती, ती तुटली. बाबांचं म्हणणं, माझ्या हातची वादी कुजत नाही. त्यावर बोलणं तुटलं. दोघांच्या बागांमध्ये एक कुंपण, पण एकाला खोकला आला तर दुसरा तोंड फिरवायचा. ते रिफातभाऊ, एवढा आडदांड माणूस, टोपी हातात चुरगाळत खिडकीखाली आले, आणि विलाप चालू असतानाच ढसाढसा रडायला लागले. "तहसीन, भावा, माझ्यावर ओझं ठेवून गेलास रे! वादी तुटली नव्हती. तुझी वादी चांगली होती. मी झाडाखाली जेवलो आणि मला डुलकी लागली. सैल सुटून गेला पक्षी. चिटा झोपलो होतो रे मी, चिटा!"

खिडकीतून आवाज आला: "मला माहीतच होतं!"

नाझिरे आजींचा तळवा छातीपाशी येऊन हवेतच थांबला. "नऊ वर्षं!" आतून बाबा ओरडत होते. "नऊ वर्षं माझ्या वादीचं नाव खराब केलंस, झोपाळ्या! ऐकलंत ना सगळ्यांनी? इमामसाहेब, तुम्ही ऐकलंत?" इमामसाहेबांनी ऐकलं होतं. त्यांनी तांब्याचं भांडं अगदी हळू खाली ठेवलं. रिफातभाऊंचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि गालावरून पाणी अजून वाहत होतं, कारण ते एकदम थांबवता येत नाही.

जिवंत माणसासाठी रडणं हा अपशकुन. आपण त्यासाठी आलो होतो असं कोण कबूल करणार? चौतीस माणसं काळ्या कपड्यांत, फावडी, पातेली घेऊन उभी, आणि कुणाला कुठे बघावं ते कळेना. नाझिरे आजी तेवढ्या कडक आवाजात म्हणाल्या, "अर्ध्यात तोडला माझा विलाप. आता हा उरलेला मी कुठे नेऊ?" सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायला लागल्या. माझ्या हातात यादी होती. मी ती पाठीमागे लपवली.

तेवढ्यात पायवाटेने आई खाली आली, पाठीवर पाल्याचं तिच्याहून मोठं गाठोडं. ती थांबली. काळे कपडे बघितले, फावडी बघितली, भांडं बघितलं, मग मला एकदाच बघितलं (ती नजर मी वहीत लिहिलेली नाही). गाठोडं उतरवलं, ओढणीने कपाळ पुसलं, आणि अगदी रोजच्यासारखी म्हणाली, "आलात होय? बरं झालं बाई. वर चिटा पाला राहिलाय. पण तुम्हाला आपापली कामं असतील."

मी तुम्हाला कसं सांगू? जणू कुणीतरी सगळ्यांच्या मानेवरचा हात काढला. रिफातभाऊच पहिले बोलले, बाहीने नाक पुसत: "मग आम्ही दुसरं कशाला आलोय?" "त्यासाठीच तर," कुणीतरी म्हणालं. "फावडी कशाला आणलीत?" आईने विचारलं, मुद्दाम नाही, खरंच विचारलं असं ती अजून म्हणते. "पायवाट चिटा ढासळली असेल म्हटलं, असू द्यावीत." इमामसाहेब म्हणाले, कापणाऱ्यांना पाणी लागेल, म्हणून भांडं. बायकांनी पातेली चुलीवर ठेवली. तासाभरात घरोघरून कात्र्या आल्या आणि सगळी मयत डोंगर चढायला लागली.

आत्या, तुमची बाग रविवारी आणि सोमवारी सकाळी मिळून पूर्ण निघाली. चांगल्या पँटी घालून, इस्त्रीच्या ओढण्या कमरेला खोचून. नाझिरे आजी खालच्या दगडावर बसल्या आणि उरलेला विलाप त्यांनी कापणीच्या गाण्यात संपवला. चाल तीच, फक्त जलद, आणि बाबांच्या जागी खरेदी केंद्रावरचा माणूस. कुणी पाय घसरून पडलं की वरून विचारायचे, "लागलं का?" आणि खालून यायचं, "चिटा," आणि मग हसू आख्ख्या उतारावरून घरंगळत जायचं. पायवाट खरोखरच नीट केली त्या फावड्यांनी. रिफातभाऊंनी कप्पी सोडवली, आणि प्रत्येक गाठोडं तारेवरून सुटलं की ते उतरून खिडकीपाशी यायचे. "गाठ बघ, तहसीन. ही सुटायची नाही." "गाठ बांधणारा जागा आहे ना, ते बघ आधी." दिवसभर हेच. नऊ वर्षांचं साचलेलं होतं, दोघांनाही पुरवून पुरवून बोलायचं होतं.

सोमवारी दुपारी सगळी गेली. पातेली घासून, प्रत्येकात काहीतरी घालून परत पाठवायची म्हणून आई अंगणात बसली होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, मी खोटं काही बोलले नव्हते. ती म्हणाली, "नाही बोललीस." म्हटलं, काम मोठंच होतं. "होतंच." मग चूक काय? तिने एक पातेलं पालथं घातलं. "मोठं म्हणून सांगितलंस की माणसाला नाही म्हणायला जागा राहत नाही गं. चिटा म्हटलं की दार उघडं राहतं. ज्याला यायचं तो आपल्या पायांनी येतो." मी वही काढायला उठले, तर म्हणाली, "राहू दे ती. हे पुसून ठेव."

बाबांना मी म्हटलं, आता तरी बाग वाट्याने द्यायची नाही ना? ते म्हणाले, या खुडणीचं झालं. सप्टेंबरात तिसरी आहे. दादा वसंत ऋतू येईपर्यंत लष्करातून सुटत नाही, मी काठीवर, तू तर एक तारखेला आत्याकडे, त्या गिरणीच्या कार्यालयात जाणार. "आई एकटी उभ्या डोंगरावर चढणार का? लोक दरवेळी माझ्या मयतीला येणार नाहीत." आईने पातेल्यावरून मान वर केली नाही.

तर इतकं सगळं झालं. तुम्ही माझ्यासाठी गिरणीत शब्द टाकलात, जागा मिळवलीत, त्याबद्दल मी तुमची आणि काकांची किती ऋणी आहे ते या कागदावर मावणार नाही. पत्र फार लांबलं. चिटा लिहायला बसले होते.

तुमचे हात पुन्हा कपाळाला लावून,
तुमची भाची
नूरसेल

ता. क. बातमी ऐकून तुम्ही मृतासाठी हलवा केला असेल, तर बाबा म्हणतात, वाया घालवू नका, शेजाऱ्यांना वाटा, फक्त कशाबद्दल ते सांगू नका. आणि नाझिरे आजींनी त्यांच्या नाचाबद्दल काय म्हटलं ते मी या पत्रात पूर्ण लिहिलं आहे ना, असं बाबांनी दोनदा विचारलं.

आणखी एक ता. क. आत्या, खरं तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं, आणि सहा पानं झाली तरी हात तिथे जाईना. सोमवारी शेवटचा पाला केंद्रावर घातला आणि मी तशीच पुढे आर्देशेनला गेले, पोस्टात. गिरणीला तार केली: घरी थोडं काम असल्यामुळे येऊ शकत नाही, क्षमा असावी. तुम्हाला न विचारता केली. रागवा, पण आधी हे ऐका. बाबांना मी सांगितलं आहे की जागा गिरणीनेच वसंत ऋतूपर्यंत पुढे ढकलली. ते शुक्रवारी दुकानातून तुम्हाला फोन करणार आहेत. तेव्हा तुम्ही तेवढं 'हो, ढकलली' म्हणाल का? वर खरेपणाबद्दल मी जे काही लिहिलं आहे ते मी मागे घेत नाही. पण हे अगदी चिटा खोटं आहे.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, उघडलं. बाबांनी ओसरीवरून विचारलं, एवढं काय लिहितेस? आणि मी सगळं सांगून टाकलं, तारेसकट. त्यामुळे तुम्ही खोटं बोलायचं नाही. फोन आला तर जे आहे तेच सांगा. ते बराच वेळ प्लास्टर खाजवत बसले. मग म्हणाले, वेडी आहेस, शिकून असंच होणार होतं तर त्रबझोनला कशाला पाठवली. आणि शिवाय मी त्या वाट्याने बाग घेणाऱ्या गृहस्थांना शब्द दिलाय, ते शुक्रवारी कुंपण मोजायला येणार आहेत, त्याचं काय? त्याचं काही नाही. मी काल पोस्टातून परत येताना वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेले होते. दोन पेले चहा घेतला, त्यांच्या गाईची चौकशी केली, आणि बाग आता माझ्याकडे आहे, वाट्याने द्यायची नाही, असं सांगून आले.